शेवटचे चार सूत बोल्टानं ओढू नका: स्टँडर्ड हेराल्डचं इंजिन आणि गिअरबॉक्स

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड, काटोलकडच्या वाडीत संत्र्याच्या पेट्यांमागं वीसेक वर्षं उभी होती. इंजिन नागपूरला बोअर करून आणलं, क्रँकच्या शेपटीतला बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारी छोटी नळी) लेथवर नवा करून घेतला, गिअरबॉक्स गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीनं खोलून दिला. इंजिन चेसिसवर बसलं, पण गिअरबॉक्स शेवटचे चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आत जात नाही. मिस्त्री म्हणतो, लांब बोल्ट टाका आणि चारी बाजूंनी ओढून घ्या. तुम्ही विचारता, ओढू का? की दोन्ही बाहेर काढून, जमिनीवर जोडून, एकत्र सोडू? आणि पोळ्याला गाडी गावातून फिरवायची आहे.

पहिल्याचं उत्तर: ओढू नका. दुसऱ्याचं: एकत्र सोडलं तरी तुमची अडचण जाणार नाही, फक्त जागा बदलेल. जे चार सूत आज गाडीत अडतात तेच उद्या गोठ्याच्या फरशीवर अडतील. तेव्हा खरा प्रश्न इंजिन आधी की गिअरबॉक्स आधी हा नाहीच. आत काय अडतंय, हा आहे.

मी आर्वीला पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. जास्त काम ट्रॅक्टर आणि जीपचं, पण तीन हेराल्ड आणि एक गॅझेल (हेराल्डचीच पुढची गाडी) हाताखालून गेल्या. तुम्ही तिला ‘जुनी स्पोर्ट्स कार’ म्हटलंय, त्यावर कोणी हसलं तर हसू द्या. आपल्याकडं शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, छकडा हीच खरी स्पोर्ट्स गाडी, हे मान्य. पण तुमच्या गाडीचं मूळ असलेल्या, १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या ट्रायम्फ हेराल्डचीच चेसिस आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी गाडी निघाली. दोन्हींचा आकार इटलीच्या डिझायनर मिकेलोत्तीचा, इंजिनही एकाच घराण्यातलं. मद्रासला १९६१ पासून बनलेली आपली हेराल्ड ९४८ सीसीवरच राहिली, तिकडं तेच इंजिन वाढत वाढत १४९३ सीसीपर्यंत गेलं. म्हणून स्पिटफायरबद्दल लिहिलेलं जोडणीचं बरंचसं तुमच्या गाडीला लागू पडतं.

आता तुमच्या मिस्त्रीबद्दल. तो अडाणी नाही, त्याला वाईट बोलू नका. ट्रॅक्टर मधून फोडून परत जोडताना आम्ही सगळेच शेवटी स्टडवर नट आवळून घेतो. तिथं बिडाचं जाड घर, मनगटाएवढा शाफ्ट, सगळं सहन करतं. तुमच्या गाडीचं बेल हाउसिंग (इंजिनाला जोडणारं गिअरबॉक्सचं पुढचं घर) अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि क्लच शाफ्टचं पुढचं टोक बोटाएवढं. त्याला पटवायचं असेल तर सांगा, की ज्या स्टँडर्ड कंपनीनं इंग्लंडात १९४६ ते १९५६ फर्ग्युसनचा टीई-२० ट्रॅक्टर बनवला, तिचीच ही गाडी. मान देईल तो मग गाडीला. पण ट्रॅक्टरचा हिसका तिला देऊ नका.

मी दिलेला आहे, म्हणून सांगतो. १९९४ साली एका डॉक्टरांची हेराल्ड होती. असंच चार-पाच सूत राहिलं. संध्याकाळ झालेली, वीज जायची वेळ. मी दोन बोल्ट टाकले आणि आळीपाळीनं पाव-पाव फेरा देत ओढत गेलो. छान येत होतं. मग ‘टक्’ झालं. बेल हाउसिंगचा एक कान तुटून चेसिसवर पडला. नागपूरला नेऊन आर्गॉन वेल्डिंग केलं, तोंड परत सपाट करून घेतलं, आणि बसवल्यावर पहिल्या गिअरला गाडी थरथरायला लागली, कारण क्लच प्लेटचा हबही वाकला होता. त्या दोन बोल्टांनी माझे अकरा दिवस खाल्ले.

आत काय अडू शकतं, ते नीट समजून घ्या. क्लच शाफ्टला तीन ठिकाणांतून जायचं असतं. आधी रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या मधून, मग क्लच प्लेटच्या दात्यांतून, आणि अगदी शेवटी त्याचं गुळगुळीत टोक क्रँकमधल्या बुशमध्ये. दाते जुळत नसतील तर गिअरबॉक्स बराच आधी, इंचभर किंवा जास्त लांब थांबतो. तिथं गिअर टाकून मागचं फ्लँज हातानं थोडं फिरवलं की दाते सापडतात. तुमचं इंचभर नाही, चार सूत राहिलंय. म्हणजे दाते बहुतेक जुळलेत आणि टोक बुशच्या तोंडाशी येऊन उभं आहे. त्यात तुम्ही स्वतःच लिहिलंय की बुश लेथवर नवा करून ठोकून बसवला. माझा पहिला संशय तिथंच जातो.

कारण असं. बुश बाहेरून घट्ट असतो, म्हणूनच तो क्रँकमध्ये टिकतो. ठोकून बसवला की तो आतून किंचित आवळतो. लेथवाल्यानं शाफ्टचं टोक बाहेर हातात धरून मापलं असेल तर बाहेर ते बरोबरच होतं. आत गेल्यावर दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) कमी झाले, आणि तेवढं पुरतं. गिअरबॉक्स परत काढा. क्लच प्लेट काढा. मग शाफ्टचं टोक बुशमध्ये कसं जातं ते पाहा. अख्खा गिअरबॉक्स उचलून बघायची गरज नाही. टोकाचं माप मायक्रोमीटरनं घ्या, त्या मापाचा छोटा गोल तुकडा लेथवर काढा आणि तो बुशमध्ये सरकवा. बोटानं जायला हवा, आणि मोकळा फिरायला हवा. डुगडुगला तर तेही वाईट. मग टॉप गिअर सोडून बाकी गिअरला आवाज येतो आणि क्लच दाबला तरी गिअर खरखरतो.

बुश काढायला छिन्नी लावू नका, क्रँकला आतून चरे पडतात. बुश ग्रीसनं गच्च भरा, टोकाच्या मापाची घट्ट सळई त्यात घाला आणि हातोडीनं मारा. ग्रीसला जायला दुसरी वाट नसते, ते मागून बुशला बाहेर ढकलतं. ग्रीसऐवजी भिजवलेल्या पावानंही काम होतं. मी एकदा कणीक वापरली होती, तेव्हा घरून बोलणी खाल्ली. नवा बुश मूळच्यासारखा, तेल शोषणाऱ्या सच्छिद्र पितळी धातूचा मिळाला तर तोच घ्या, आणि बसवण्याआधी एक रात्र इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. तो आतून पॉलिशपेपरनं घासू नका. छिद्रं बुजतात आणि दाणा रुतून बसतो. चेन्नईच्या पुदुपेटला किंवा मुंबईच्या चोर बाजारात विचारलं तर हेराल्डचं सामान अजून निघतं. गाडीच मद्रासची असल्यानं मी आधी पुदुपेटला फोन लावायचो.

बुश ठीक निघाला तर दुसरा संशय क्लच प्लेटवर. ती फ्लायव्हीलच्या बरोबर मध्ये नसेल तर शाफ्ट दात्यांतून जातो, पण टोक बुशच्या काठावर आपटतं. यासाठी महागडं हत्यार लागत नाही. बंडीची कामं करणाऱ्या सुताराकडून बाभळीचा दांडका घ्या, पुढचं टोक बुशच्या मापाचं आणि मागचा भाग प्लेटच्या छिद्राच्या मापाचा खरडून घ्या. तो घालून ठेवा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आवळत या. शेवटी दांडका सहज बाहेर आला पाहिजे आणि सहज परत गेला पाहिजे. अडला तर सैल करून पुन्हा. प्लेट उलटी तर बसली नाही ना, तेही तेव्हाच बघा. हब जास्त बाहेर आलेली बाजू सहसा गिअरबॉक्सकडे असते. शंका वाटली तर प्लेट फ्लायव्हीलवर नुसती ठेवून फिरवा, हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासला की उत्तर मिळालं.

आता बसवायची रीत. हेराल्डमध्ये गिअरबॉक्स खालून नाही, आतून, माणसं बसतात तिथून येतो. सीटा काढा, मधल्या उंचवट्याचं आवरण काढा, चेसिसवर जुनी गोधडी टाका. डाव्या दारातून दोघांनी गिअरबॉक्स आत घ्यायचा. वरचं लिव्हरचं झाकण आधी काढून ठेवलं तर उंची कमी होते आणि काम सोपं जातं. उघड्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधा, नाहीतर एखादा नट आत पडतो आणि मग रात्रभर चुंबक घेऊन शोधत बसायचं.

इंजिन सध्या पुढच्या दोन फाउंडेशनवरच टेकलेलं आहे. मागचा भार गिअरबॉक्सच्या फाउंडेशनवर असतो, आणि तो तर अजून बसलेला नाही. म्हणजे इंजिनाची शेपूट खाली झुकलेली असणार. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्याखाली, रुंद फळी ठेवून जॅक लावा. थेट जॅक लावला तर चेंबरच्या पत्र्याला पोचा पडतो. बेल हाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत डोकी कापलेले लांब बोल्ट मार्गदर्शक म्हणून घाला. त्यांनी ओढायचं नाही, त्यांच्यावरून फक्त सरकायचं. जाईल तिथपर्यंत गिअरबॉक्स हातानं सरकवा आणि मग चारी बाजूंची फट मोजा. ड्रिलच्या बिटांची शेपटं मापाला चांगली. फट खाली जास्त आणि वर कमी असेल तर इंजिनाची शेपूट खाली आहे, जॅक थोडा वर घ्या. वर जास्त असेल तर खाली. डावी-उजवी वेगळी असेल तर गिअरबॉक्स कलंडलाय. चारीकडं सारखी झाली की मागचं फ्लँज जरा फिरवत, गिअरबॉक्स हलकेच हलवत पुढं ढकला. बंडीचं चाक आखावर चढवताना आपण चाक थोडं उचलून, हलवून घालतो, घण मारत नाही. तसंच. बरोबर असेल तेव्हा तो स्वतःहून ‘गप’ बसतो, आवाजावरून कळतं. तोवर एकही नट लावायचा नाही. आणि जागेवर धरणारे डॉवेल, म्हणजे लोखंडी खुंट्या, विसरू नका. ते नसले तरी गिअरबॉक्स बसतो, पण मध्यावर बसत नाही, आणि वर्षभरात पुढचं बेअरिंग जातं.

पाने कोणते घ्याल? ही गाडी मिलिमीटरची नाही. बोल्ट बहुतेक बारीक आट्याचे यूएनएफ, अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारे जाड आट्याचे यूएनसी. पाना चार सुताचा आणि साडेचार सुताचा, म्हणजे अर्धा इंच आणि नऊ-सोळांश. १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाला बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे गोल करतो. चेंबरच्या पुढच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा आहे, त्याचे आटे फार नाजूक. तिथं मनगटाची ताकद लावायची, खांद्याची नाही.

तरी एकत्र सोडायचं की वेगळं? हे तुमच्याकडं काय आहे त्यावर आहे. बॉनेट पूर्ण काढलेलं असेल, वर उंची असेल आणि चेन पुली असेल तर जोडी एकत्रही जाते, मागचं टोक बरंच खाली तिरपं करून. फायदा हा, की जोडणी उजेडात, डोळ्यांसमोर होते. तोटा हा, की लांब धूड लोंबकळत असतं आणि एक माणूस चुकला तर बल्कहेडचा, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीचा, पत्रा दबतो. नवशिक्याला मी वेगवेगळं बसवा असंच सांगतो, आणि तुमचं इंजिन तर आत आहेच. पण बुशसाठी किंवा खाली सांगतोय त्या कारणासाठी इंजिन काढावंच लागलं, तर मग एकत्र बसवा. फक्त कडुलिंबाच्या फांदीला टांगू नका. बोअरवेलची मोटर काढायची लोखंडी घोडी गावात कोणाकडं तरी असतेच, ती आणा. घोडीचे पाय काळ्या मातीवर नुसते ठेवू नका. आज भेगाळलेली टणक जमीन दिसते, पण मृगाचा पहिला पाऊस पडला की तिथंच पाय रुततो. तिन्ही पायांखाली सागाच्या फळ्या, आणि पाय एकमेकांना साखळीनं बांधलेले.

आता तुम्ही न विचारलेलं. गिअरबॉक्स बाहेर आहे तोवर क्रँकची पुढं-मागं हालचाल मोजा. या घराण्याच्या इंजिनाचा खरा दुखरा भाग हाच. क्लच दाबला की क्रँक पुढं ढकलला जातो. तो रेटा सोसायला मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर आहेत. अर्धेच, फक्त ब्लॉकच्या बाजूला. झिजले की क्रँक जास्त पुढं सरकतो, आणखी झिजले की वॉशर निसटून चेंबरमध्ये पडतो. मग क्रँक सरळ ब्लॉकला खातो, आणि त्यावर इलाज फार खर्चाचा. बोअर करणाऱ्यानं बोअर केलं, क्रँक घासला असेल, पण थ्रस्ट वॉशर त्यानं पाहिले असतील यावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडं आलेल्या एका ताज्या ‘रिपेअर’ इंजिनात ते उलटे बसवलेले होते. खाचा असलेली बाजू क्रँककडं असते.

डायल गेज (सुईचं मापयंत्र) फ्लायव्हीलवर टेकवा, फ्लायव्हील मागं खेचा, पुढं ढकला. सुई ४ ते ८ थाऊ, म्हणजे साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर हलायला हवी. १० च्या वर गेली तर चेंबर उघडा. मागच्या मेनची टोपी काढून वॉशर फिरवत बाहेर घेता येतात, इंजिन उतरवायची गरज पडतेच असं नाही. ५ थाऊ जास्त जाडीचेही मिळतात. आणि गाडी चालू झाल्यावर एक सवय सोडा: क्लच दाबून स्टार्टर मारायची. रात्रभर उभ्या इंजिनात तिथं तेल नसतं, आणि सगळा रेटा त्या दोन कोरड्या चंद्रकोरींवर येतो. न्यूट्रल करा, पाय मोकळा ठेवा, मग स्टार्टर.

बाकीचं थोडक्यात. क्लचचा सिलिंडर इतकी वर्षं पडून असेल तर आतलं रबर गेलं समजा, बदला. धुताना डिझेल किंवा पेट्रोल लावू नका, ब्रेक ऑइलनंच धुवा. खनिज तेलानं ते रबर फुगतं आणि पेडल वर येत नाही. गिअरबॉक्समध्ये ईपी ९० गिअर ऑइल घाला पण जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ देईल आणि तेच भारी म्हणेल, पण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते नको. माप पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त, बाजूच्या प्लगमधून ओघळेपर्यंत. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या टाका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात गळतं, आणि गळती गरम सायलेन्सरवर झाली तर काय होतं ते सांगायला नको. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी आठवणीनं लावा. ती विसरली तर स्टार्टरचा सगळा करंट चोकच्या तारेतून वाट काढतो आणि तार लाल होते. बॅटरी जोडण्याआधी अर्थ कोणत्या टोकाला आहे ते बघा. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्हला असायचा.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून ठेवा, सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवा. एका वेळी दहा-बारा सेकंद, मग त्याला थंड होऊ द्या. मग प्लग लावा. फायरिंगचा क्रम १-३-४-२. टॅपेटची फट थंड इंजिनावर १० थाऊ.

पोळ्याबद्दल. नवतपा चालू आहे, टिनाच्या गोठ्यात दुपारी पाना हातात धरवत नाही. चुका अशाच वेळी होतात, ओढून घ्यायची बुद्धी अशाच वेळी होते. सकाळी सहा ते दहा काम करा. तेवढ्यातही पोळ्याच्या आत गाडी उभी राहते. वळायला २५ फूट जागा पुरते तिला, बैलांच्या रांगेमागून गावातल्या बोळांत आरामात फिरेल.

आधी दोन मापं घ्या आणि मला कळवा: चारी बाजूंच्या फटी, आणि फ्लायव्हीलवर सुई किती थाऊ हलली. बुशचा फोटो पाठवलात तर अजून बरं. ते पाहिल्याशिवाय इंजिन उतरवा असंही मी म्हणणार नाही.